घन पास होतो, कॉलम फुटतो: कोकण किनाऱ्यावरच्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत सार्वजनिक बांधकामे करून घेणारे सर्व कार्यकारी अभियंते, उपअभियंते आणि निविदांचे मसुदे तयार करणारे त्यांचे सहकारी

विषय: काँक्रीटचे देयक घनाच्या ताकदीबरोबरच सळईवरच्या कव्हरशीही बांधण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

पाऊस ओसरला की कोकणात बांधकामाचा हंगाम सुरू होतो. शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या, मासळी उतरवण्याच्या जेट्ट्या, साकव, वादळातली निवारा केंद्रे अशी शेकडो कामे ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत उरकायची असतात. त्यांच्या निविदा त्याआधी, भर पावसात तयार होतात. एकदा कार्यादेश निघाला की त्यात नसलेली गोष्ट साइटवर करून घेणे किती कठीण जाते, हे आपण रोज पाहता. म्हणून हे पत्र निविदा बनण्याआधी लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एकच आहे. खाऱ्या वाऱ्यात आरसीसी (सळई घातलेले काँक्रीट) किती वर्षे उभे राहील, हे सळईच्या बाहेर असलेल्या चार-पाच सेंटिमीटर काँक्रीटवर, म्हणजेच कव्हरवर ठरते. आपल्या कामांत नेमका तेवढाच भाग कोणी मोजत नाही. मोजला जातो तो 150 मिलिमीटरचा घन, म्हणजे ताकद तपासण्यासाठी वेगळा भरलेला काँक्रीटचा ठोकळा.

हा घन कसा तयार होतो ते आठवा. तीन थरांत भरून, प्रत्येक थर 35 वेळा ठोकून तो नीट बसवतात. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून 27 अंशांच्या पाण्यात सोडतात आणि 28व्या दिवशी प्रेसखाली ठेवतात. त्याच गाडीतल्या काँक्रीटने भरलेल्या कॉलमची सेंटरिंग (साचा) दुसऱ्या दिवशी निघते, सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर दोन बादल्या पाणी पडते आणि चौथ्या दिवशी गवंडी वीटकाम सुरू करतो. घनाचा अहवाल चौरस मिलिमीटरला 38 न्यूटन येतो, माप पुस्तिकेत नोंद होते, देयक निघते. त्या अहवालात खोटे काहीच नसते. प्लँटमधून आलेला माल बरा होता, एवढेच तो सांगतो. तो माल कॉलममध्ये कसा बसला, सळईवर किती जाडीचा राहिला आणि किती दिवस ओला राहिला, हे घनाला ठाऊक नसते.

गंजाचे गणित थोडक्यात मांडतो, कारण पुढची प्रत्येक मागणी त्यावरच उभी आहे. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) 12.5 ते 13 असतो. एवढ्या अल्कलीत सळईवर पातळ संरक्षक पापुद्रा धरतो आणि गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा सामू 9च्या खाली आणतो; यालाच कार्बनीकरण म्हणतात. समुद्राकाठी त्याहून आधी पोहोचतो तो मिठातला क्लोराइड, आणि तो सामू चांगला असतानाही पापुद्रा जागोजागी फोडतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, त्यामुळे आतून ताण येऊन कव्हर फुटते. बाहेर उभी चीर दिसते तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

या आत शिरण्याची चाल वर्षांच्या वर्गमुळाने चालते. समजा एखाद्या काँक्रीटमध्ये कार्बनीकरण पहिल्या वर्षी 4 मिमी आत गेले. मग ते 20 मिमीवर 25 वर्षांनी पोहोचेल आणि 40 मिमीवर 100 वर्षांनी. आता कव्हर 10 मिमीच असेल तर सहा वर्षे आणि तीन महिने. कव्हर निम्मे झाले की आयुष्य निम्मे होत नाही, चौथाई होते. क्लोराइडची चालही ढोबळमानाने अशीच आहे. म्हणून साइटवर ‘पंधरा-वीस मिमी कमी आहे, गिलाव्यात झाकून जाईल’ असे कोणी म्हणाले तर त्या वाक्याची किंमत वर्षांत काढून दाखवावी. गिलावा सच्छिद्र असतो, त्याला कव्हर म्हणून धरता येत नाही.

काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456:2000 मध्ये, हे सगळे लिहिलेले आहे. किनारी हवेला उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येते: किमान एम 30 (घनाची ताकद चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45, सिमेंट किमान 320 किलो प्रति घनमीटर, कव्हर 45 मिमी. लाटांचे तुषार पोहोचतात तिथे ‘अति तीव्र’: एम 35, 0.45, 340 किलो, 50 मिमी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, म्हणजे जेट्टीचे खांब आणि खाडीपुलाचे पाये यांना ‘टोकाचा’ वर्ग: एम 40, 0.40, 360 किलो, 75 मिमी. कव्हर ठरलेल्यापेक्षा 10 मिमीपर्यंत जास्त झाले तर चालते, कमी एक मिलिमीटरही चालत नाही. नियम अपुरे नाहीत. मात्र अनेक नकाशांवर आजही कोपऱ्यात ‘कव्हर: कॉलम 40, बीम 25, स्लॅब 20’ अशी जुनी साचेबंद टीप असते, आणि तीच टीप घाटमाथ्यावरच्या आणि समुद्रापासून दोनशे मीटरवरच्या इमारतीला सारखीच लागते.

आता एक कॉलम जवळून पाहू. भिंतीत लपावा म्हणून आर्किटेक्ट तो 230 मिमी रुंदीचा दाखवतो. दोन्ही बाजूंना 45 मिमी कव्हर सोडायचे तर रिंगचे (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या कडीचे) बाहेरचे माप 140 मिमी उरते. 8 मिमीच्या रिंगची जाडी दोन्हीकडून वजा केली की आत 124 मिमी. त्यात 16 किंवा 20 मिमीच्या सळ्या बसवून, मधून व्हायब्रेटरची सुई सोडून, 20 मिमी खडीचे काँक्रीट भरणे फिटरला अशक्यप्राय वाटते. तो वर्षानुवर्षे करत आला तेच करतो, रिंग 180 मिमीची वाकवतो. कव्हर 25 वर आले. पिंजरा सेंटरिंगमध्ये एका बाजूला 10 मिमी सरकला की तिकडे 15 उरले. 45 ऐवजी 15 म्हणजे तिसरा हिस्सा, आणि वर्गमुळाच्या चालीने आयुष्य नववा हिस्सा. जिथे 45 वर्षे निघायची तिथे 5.

ही चूक फिटरची नाही, नकाशाची आहे. किनाऱ्यावर 230 मिमीचा कॉलम बादच करावा. भूकंपरोधक तपशिलांचे आयएस 13920 तसेही कॉलमची किमान बाजू 300 मिमी मागते. 300 मधून 90 वजा करता रिंग 210 मिमीची होते आणि सगळे नीट बसते. बीमचेही तसेच. 230 रुंदीच्या बीममध्ये वरच्याच हिशेबाने 124 मिमी जागा उरते. तीन 20 मिमीच्या सळ्या बसवल्या तर मधल्या फटी 32 मिमीच्या राहतात आणि खडी उतरते. चार बसवल्या तर फटी 15 मिमीच्याही भरत नाहीत. 20 मिमीची खडी तिथून खाली जाणारच नाही, तळाला फक्त सिमेंटचे पाणी उतरेल आणि बीमचा पोट मधाच्या पोळ्यासारखा निघेल. मग त्यावर सिमेंट थापून गिलावा होतो आणि गंजाला घर मिळते. सळ्यांची संख्या ठरवणाऱ्याने फटीचे हे गणित नकाशावरच करून टाकावे. चौथी सळई दुसऱ्या थरात घ्यावी, नाहीतर बीम रुंद करावा.

आणखी एक गैरसमज पक्का बसला आहे. कव्हर मुख्य सळईपासून मोजले जाते. ते सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे रिंगच्या पाठीपासून मोजायचे असते. नाहीतर 8 मिमी तिथेच गेले. बाइंडिंग तारेची टोकेही आत वळवलेली हवीत. बाहेर डोकावणारे प्रत्येक टोक गंजाची वात होते.

कव्हर ब्लॉकबद्दल सांगायलाच हवे. पुष्कळ साइटवर ते उरलेल्या मालात वाळू ढकलून, जमिनीवर पसरून, करणीने चौकोन पाडून केले जातात आणि त्यांना कोणी पाणी मारत नाही. काही ठिकाणी तर खडीचा तुकडा किंवा फरशीची कपची सळईखाली सरकवतात. असा ब्लॉक म्हणजे बाहेरून थेट सळईपर्यंत पोचवलेली सच्छिद्र नळी. ब्लॉक मूळ काँक्रीटच्याच ताकदीचे, साच्यात घातलेले, 14 दिवस पाण्यात ठेवलेले, आत तार घातलेले आणि अचूक मापाचे असावेत. साधारण मीटरभर अंतराने, कॉलमला चारही बाजूंनी बांधावेत. स्लॅबच्या वरच्या सळ्यांना खुर्च्या (सळई वाकवून केलेले टेकू) द्याव्यात, विशेषतः छज्जा आणि बाल्कनीला. तिथे घमेली वाहणाऱ्या माणसांच्या पायाखाली वरची सळई दबते, आणि ती दबली की खालचे कव्हर तर जातेच, छज्जाची ताकदही जाते.

यानंतर पाणी. तयार काँक्रीटची गाडी 6 घनमीटरची धरा. 350 किलो सिमेंट आणि 0.45 प्रमाण म्हणजे घनमीटरला 157.5 लिटर, गाडीत मिळून 945 लिटर पाणी. घाटात गाडी अडकली, माल घट्ट झाला, पंप चालेना म्हणून मुकादमाने 100 लिटर ओतले. प्रमाण 0.50 झाले. एका पाइपच्या धारेने ‘तीव्र’ वर्गाचे काँक्रीट त्याखालच्या ‘मध्यम’ वर्गात उतरले. ताकद साधारण दहा टक्के घटते, ते एखाद्या वेळी खपून जाईल. सिमेंटला न लागलेले पाणी उडून जाताना ज्या सूक्ष्म वाटा मागे ठेवते त्याच वाटांनी मीठ आत येते, ते मात्र खपत नाही. आणि घन बहुतेक वेळा हे पाणी पडण्याआधीच भरलेला असतो. उपाय सोपा आहे: गाडी साइटवर आल्यावर पाण्याचा कॉक सील, स्लंप (मालाचा पातळपणा) कमी भरला तर प्लँटच्या माणसाने मोजून दिलेला प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारे रसायन), त्यानंतर ड्रम पूर्ण वेगाने फिरवणे, आणि घन पंपाच्या तोंडाशी भरणे.

साइटवर मिक्सर लावून माल करणाऱ्यांसाठी हिशेब असा: 50 किलोच्या गोणीला 0.45 ने साडेबावीस लिटर. पण वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणी यातूनच वजा करायचे. गोणीमागे 80 किलो वाळू आणि तिच्यात 5 टक्के ओल असेल तर 4 लिटर आधीच आत आहे, वरून साडेअठराच टाकायचे. डब्याने माप घेणारा मजूर हे करू शकतो, त्याला सकाळी आकडा सांगणारा कोणी हवा.

क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, हे आमच्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. काँक्रीट बाहेरून आत वाळते. पाणी कमी पडले तर कॉलमचा गाभा तरीही बरा होतो, बाहेरचे 30-40 मिमी मात्र कच्चे राहतात. म्हणजे नेमके कव्हरच. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राखमिश्रित किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) सिमेंटला किमान 10, शक्य तिथे 14 दिवस सतत ओल हवी. सतत म्हणजे दिवसातून दोनदा नव्हे. सकाळी भिजणे आणि दुपारी कोरडे पडणे हे चक्र पृष्ठभागाला उलट तडे देते. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतातच. कॉलमला दुहेरी गोणपाट गुंडाळून, सुतळीने आवळून, वरून प्लास्टिक घालावे म्हणजे मेच्या वाऱ्यातही ओल टिकते. बीमच्या बाजू आणि स्लॅबचे पोट यांना तर कोणी पाणी मारतच नाही. तिथे सेंटरिंग जास्त दिवस ठेवणे हेच क्युरिंग.

पण पाणी कोणते? एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या विहिरींना मचूळपणा येतो. आरसीसीसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. जिभेला किंचित खारट लागले म्हणजे 250च्या आसपास पोहोचलेच, तेव्हा नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. ऑक्टोबरच्या अहवालावर मे काढू नये. खाडीच्या वाळूचे गणित त्याहून कडक आहे. तयार काँक्रीटमध्ये सगळे मिळून क्लोराइड घनमीटरला 0.6 किलोच्या आत हवे. घनमीटरला 700 किलो वाळू धरली आणि तिच्यात 0.05 टक्के क्लोराइड असेल तर 0.35 किलो, म्हणजे निम्म्याहून जास्त मर्यादा वाळूनेच खाल्ली. 0.1 टक्के असेल तर 0.7, संपले. ही वाळू दिसायला स्वच्छ, पिवळीधमक असते. गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा तपासल्याशिवाय ती आरसीसीत घेऊ नये. काळ्या दगडाची क्रश सँड या बाबतीत बिनधोक आहे, फक्त तिच्यातली भुकटी 15 टक्क्यांच्या मर्यादेत हवी, नाहीतर माल चिकट होतो आणि पाण्याचा मोह सुटत नाही.

सिमेंट निवडताना किनाऱ्यावर स्लॅग किंवा फ्लाय अॅशचे (राखेचे) मिश्रण मागा, साधे सिमेंट (ओपीसी) एकटे नको. या मिश्रणांचे काँक्रीट घट्ट होते आणि क्लोराइडची चाल स्पष्टपणे मंदावते. त्यांचा दोष एवढाच की ताकद सावकाश चढते. म्हणून सेंटरिंग काढण्याचे दिवस वाढवावे लागतात. घनाचा निर्णय 56 दिवसांवर घेण्याची तरतूद निविदेत असावी. स्लॅग मागायचा आणि सातव्या दिवशी टेकू काढायला लावायचे, हे एकत्र चालत नाही.

सळईबद्दल सध्या बाजारात फार आश्वासने ऐकू येतात, म्हणून दोन शब्द. एफई 500 डी (Fe 500D) ही सळई भूकंपाच्या दृष्टीने चांगली आहे, 16 टक्के ताणली जाते, पण ‘डी’ म्हणजे गंजरोधक नव्हे. इपॉक्सी लेपाची सळई घ्यायची तर नायलॉनच्या पट्ट्याने उचलणे, लेपित तार वापरणे आणि प्रत्येक ओरखडा त्याच दिवशी बुजवणे आले. नाहीतर ओरखड्यापाशी गंज एकवटतो आणि साध्या सळईपेक्षा वाईट होते. ही शिस्त नसेल तर त्यापेक्षा जस्तलेपित सळई बरी. काचतंतूंची सळई गंजतच नाही, वजनाला पोलादाच्या जवळपास चौथाई असते. पण तिचा ताठपणाही पोलादाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, ती साइटवर वाकत नाही आणि तुटताना आधी ताणून इशारा देत नाही. जेट्टीचा डेक, गटारे, किनाऱ्याच्या संरक्षक भिंती यांत ती जरूर वापरून पाहावी. भूकंप झेलणाऱ्या कॉलममध्ये नको. स्टेनलेस सळई महाग, पण भरतीच्या पट्ट्यातल्या बाहेरच्या जाळीपुरती वापरली तर परवडते. यांतली कोणतीही सळई 15 मिमी कव्हरची भरपाई करत नाही.

साधी सळई साइटवर आली की मीटरभर तुकडा कापून वजन करा. 12 मिमीची सळई 0.888 किलो भरते, 5 टक्के सूट धरून 0.844 च्या खाली गेली तर परत पाठवा. पावसाळाभर उघड्यावर, समुद्राच्या तोंडाला पडलेल्या सळईवर मीठ बसलेले असते. तारेच्या ब्रशने घासणे पुरत नाही, आधी गोड्या पाण्याने धुवावी. पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळ्या तर कोकणात घरोघरी दिसतात. त्यांना सिमेंटचे पाणी फासून काही होत नाही. कमी सिमेंटच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात बुजवाव्यात आणि वेळ येईल तेव्हा फोडाव्यात.

उभ्या इमारतींच्या दुरुस्तीत एकच कळकळीची सूचना. फुटलेले कव्हर काढून, सळईला रंग लावून, वर मसाला भरणे ही दुरुस्ती खाऱ्या काँक्रीटमध्ये दोन-तीन पावसाळेच टिकते, कारण ठिगळाच्या कडेला उरलेल्या मिठाच्या काँक्रीटमध्ये गंज जोरात सुरू होतो. सळईच्या मागेही 20-25 मिमी फोडून, क्लोराइड उतरत्या खोलीवर तपासून, स्वच्छ काँक्रीट लागेपर्यंत जावे. कार्बनीकरण पाहायला ताज्या फोडलेल्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलीन फवारले की पुरते. गुलाबी झाले तिथे अल्कली शाबूत आहे, रंग आला नाही तिथे गेली.

हे सगळे अतिशयोक्त वाटत असेल तर पणजीचा मांडवी पूल आठवावा. 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला तेव्हा त्याचे वय जेमतेम दीड दशकाचे होते, आणि कारणांच्या मुळाशी काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज होता. वाशीच्या पहिल्या खाडीपुलाच्या तारांनाही पुलाच्या तरुणपणीच गंज लागला आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. ते मोठे पूल होते, त्यांची चौकशी झाली. आडगावच्या शाळेचा कॉलम फुटतो तेव्हा कोणी चौकशी लावत नाही, वर्ग पडवीत भरतो.

म्हणून येत्या हंगामाच्या निविदांत आमची मागणी तीन बाबींची आहे. नकाशावर त्या जागेचा वर्ग, कव्हर आणि पाणी-सिमेंट प्रमाण छापावे, साचेबंद टीप काढून टाकावी. क्युरिंग आणि कव्हर ब्लॉक ‘दरात समाविष्ट’ न ठेवता त्यांना स्वतंत्र बाब द्यावी, क्युरिंग चौरस मीटर-दिवसांवर मोजावे. ज्याला वेगळे पैसे नाहीत ते काम ठेकेदार आधी कापतो, हे आपल्याला सांगायला नको. आणि तिसरे कलम आम्ही मसुद्यासह देत आहोत, हवे तसे बदलून घ्या:

“सेंटरिंग काढल्यापासून 7 दिवसांत आणि गिलाव्याआधी कव्हर मीटरने (सळई किती आत आहे ते बाहेरून दाखवणाऱ्या यंत्राने) मोजणी होईल. प्रत्येक कॉलमच्या चारही बाजूंवर वर, मध्ये आणि खाली अशी 12 वाचने, प्रत्येक बीमच्या पोटावर आणि दोन्ही बाजूंवर प्रत्येकी 3 वाचने घेतली जातील. रोज एका ठिकाणी भोक पाडून मीटर पडताळला जाईल. मीटरच्या अचूकतेसाठी 3 मिमी सूट धरून कोणतेही वाचन नकाशातील कव्हरपेक्षा कमी असल्यास त्या घटकाचे देयक रोखले जाईल आणि ठेकेदार स्वखर्चाने अभियंत्याने मान्य केलेला उपाय करील. वाचनांचा तक्ता माप पुस्तिकेला जोडला जाईल आणि दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत जपला जाईल.”

एका मजल्याच्या मोजणीला दोन माणसे आणि एक दिवस पुरतो. पहिल्या मजल्याची वाचने फिटरला दाखवली की दुसऱ्या मजल्याच्या रिंगा तो स्वतःच मोजून वाकवतो.

आपले,
किनारपट्टीवर काम करणारे काही संरचना आणि साइट अभियंते